हेमाचं घर, कृणालचं घर

वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम
२७ ऑक्टोबर २०२५

हेमांगी,

खुशाली विचारत नाही, कारण मला ती पडलेली नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, माझ्या बायकोचाही केलायस, म्हणून आज मला पोस्टात जाऊन रांगेत उभं राहायची वेळ आली. प्रियंका म्हणाली लिहा, म्हणून लिहितोय. नाहीतर तुला पत्र लिहिणाऱ्यातला मी नाही.

रेवतीचं लग्न ठरलंय, सात डिसेंबरला. हे आमंत्रण नाही, काम सांगतोय. आयला मार्चमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीस वर्षं अख्ख्या वेसाव्यात जिच्या धवल्यांशिवाय लग्न लागायचं नाही, ती आता पाणी मागायलासुद्धा बोट दाखवते. स्वतःच्या पोरीच्या लग्नात ती गाणार नाही. दुसरी धवलारीण बोलवूया म्हटलं तर रेवती ऐकत नाही. तिला आयचाच आवाज पाहिजे. आय जिथे जिथे गायला जायची तिथे बाबा मांडवात बसून रेकॉर्ड करायचे, आणि ते सगळं त्यांनी कॉम्प्युटरात भरून ठेवलंय. हळदीपासून पाठवणीपर्यंत.

तो कॉम्प्युटर तुझ्यामुळे मेलाय. चालू केला की काळा पडदा, त्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. काहीही दाबलं तरी तेच. हे ग्रब की काय ते अकरा वर्षांपूर्वी तूच त्यात घातलंस. कॉलेजात नवीन नवीन शिकलीस आणि बाबांच्या मशीनवर हात साफ केलास. स्टेशनजवळचा दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, एका दिवसात झकास. गाणी राहतील का विचारलं तर म्हणाला, बघू. घाण तू केलीस, तर ती काढायची कशी तेही तूच सांग. दहा तारखेपर्यंत काही कळलं नाही तर मशीन दुकानात देणार.

कृणाल


मुलुंड पूर्व
३१ ऑक्टोबर २०२५

कृणालदादा,

‘दादा’ सवयीने आलं हातातून, मान समजू नकोस.

काकीचं मला माहीत नव्हतं. वाचून मी खूप रडले. हे तुझ्यासाठी सांगत नाहीये, पुढे जे लिहिणार आहे ते कशाच्या रागाने लिहितेय ते तुला नीट कळावं म्हणून सांगतेय. मार्चमध्ये काकीची वाचा जाते आणि मला ऑक्टोबरात कळतं, तेही तुझं काम अडलं म्हणून. काकाच्या वेळी हेच केलंस. काका गेला गेल्या वर्षी नऊ जुलैला आणि मला कळलं अठराला, मुलुंडच्या मार्केटात कोळंबी घेताना. वेसाव्याहून येणारी मावशी म्हणाली, ‘तू तेराव्याला येशील ना गो?’ कोळंबी तशीच टाकून मी घरी आले. आईबाप गेल्यावर सहाव्या वर्षापासून ज्याने मला वाढवलं, त्याचं तोंड बघायला तू मला बोलावलं नाहीस. का, तर मी सुयोगशी लग्न केलं, जो कोळी नाही. तेराव्याला आले तर तू दारात आडवा उभा राहिलास आणि म्हणालास, ‘आता काय राहिलंय तुझं इथे?’ माझ्या चपलासुद्धा काढून झाल्या नव्हत्या. त्या उंबऱ्यावर मी परत पाय ठेवणार नाही. मशीनसाठी तर नाहीच.

आता मशीनचं. दुकानवाल्याला हात लावू देऊ नकोस. ‘बघू’ म्हणजे गाणी गेली असं समज. तुझं विंडोज मेलेलं नाही, आत व्यवस्थित आहे. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो, त्याला बूटलोडर म्हणतात. कुठे जायचं ते तो ठरवतो आणि बाकीच्यांना उठवतो. तुझ्या मशीनवर ते काम ग्रब करतो. तो वाट चुकलाय, एवढंच झालंय. होडी तीच, जाळी तीच, खलाशीही तेच, फक्त होडी चालवणारा तांडेल बदलायचा. त्यासाठी कुणी होडी फोडून नवी बांधत नाही.

‘ग्रब रेस्क्यू’च्या वर एक ओळ आली असेल. ती जशीच्या तशी उतरवून पाठव. आणि मशीनला शेवटचा हात कोणी लावला, काय केलं, तेही लिही. खरं लिही.

हेमांगी


वेसावे
४ नोव्हेंबर २०२५

हेमांगी,

मला होडी नको शिकवूस. तांडेलाचा पोरगा मी आहे. तू एसीत बसून पवईला नोकरी करतेस.

वरची ओळ अशी आहे: ‘एरर, नो सच पार्टिशन.’ हात कोणी लावला म्हणशील तर कोणी नाही. बाबा गेले तेव्हापासून मशीन चादरीखाली पडून होतं. आता रेवतीसाठी उघडलं तर हे. आपोआप झालं. अशा वस्तू पडून राहिल्या की बिघडतात.

राहिला सवाल तेराव्याचा. बाबा शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलात होते, रोज दाराकडे बघायचे. मी रोज फोन हातात घ्यायचो. लावला नाही, कबूल आहे. पण दहा वर्षांत तू किती वेळा आलीस तेही मोज. रजिस्टर लग्न केलंस तेव्हा आयला तिथे जायचं होतं. मी म्हटलं, ती गेली तर मी घर सोडीन. म्हणून ती राहिली. याचा मला पश्चात्ताप नाही. जिने शंभर पोरींची लग्नं गाऊन लावली, तिच्याच घरातली पोरगी कचेरीत सही करून गेली. कोळीवाड्यात आयला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, ते तुला मुलुंडवरून कुठे दिसणार?

दहा तारीख जवळ आलीय. लवकर लिही.

कृणाल


मुलुंड
८ नोव्हेंबर २०२५

कृणालदादा,

खोटं बोलतोयस. ‘नो सच पार्टिशन’ पडून राहून येत नाही. ग्रबला त्याची जागा सापडत नाहीये, कारण ती जागा कोणीतरी पुसलीय. काकाच्या डिस्कचे दोन भाग होते. एकात विंडोज, दुसऱ्यात मी घातलेलं लिनक्स. ग्रबचं सगळं सामान त्या दुसऱ्या भागात होतं. विंडोजमध्ये बसून, त्या तुकड्यावर उजवं बटण दाबून, ‘डिलीट’ म्हटल्याशिवाय, आणि वर ‘नक्की का’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हटल्याशिवाय तो जात नाही. घरात माणसं पाच. काका गेला, काकी ते उघडत नाही, रेवतीला आणि प्रियंकाला यातलं येत नाही. मी पुढे लिहायची गरज आहे का?

तुझं नशीब चांगलं म्हणून वाचलास. गाणी तुझ्या भागात आहेत, विंडोजमध्ये. काका गाणी साफ करायला माझ्या भागात बसायचा, पण ठेवायचा तुझ्या भागात. लग्नाची गाणी घरातल्या मुलाकडे असावीत म्हणायचा. माझ्या भागात माझे कॉलेजचे प्रोजेक्ट असतील आणि काय असेल ते असेल. मी २०१६ पासून तो उघडलेला नाही. गेला तर गेला, मला त्याचं काही नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. तो लावून मशीन चालू कर. पडद्यावर मधोमध एक मोठं बटण येईल, ‘इन्स्टॉल नाऊ’. त्याला हात लावायचा नाही. लावलास तर दुकानवाला आणि तू यात फरक राहणार नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ लिहिलेलं आहे, ते निवड. पुढे काळी खिडकी उघडायचा पर्याय येईल. तिथे काय टाइप करायचं ते कागदाच्या मागे इंग्रजीत लिहिलंय, दोन ओळी. बघून बघून टाइप कर, मधली रिकामी जागासुद्धा तशीच सोड. त्याने ग्रब जाऊन त्याच्या जागी विंडोजचा स्वतःचा बूटलोडर बसतो. बाकी कशालाही धक्का लागत नाही.

झालं की पेनड्राइव्ह परत पाठव. तो ऑफिसचा आहे.

हेमांगी


वेसावे
१२ नोव्हेंबर २०२५

हेमांगी,

वाट लागली. तू सांगितलंस तसंच केलं. रेवती बाजूला बसून एकेक अक्षर वाचत होती आणि मी दाबत होतो. दोन्ही ओळींखाली काम झाल्याचा निरोप आला. पेनड्राइव्ह काढला, मशीन परत चालू केलं. ग्रब गेला, पण आता म्हणतं ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’. म्हणजे आधी वाट चुकलेला तरी होता, आता तर गायबच. रेवती उठून आत गेली आणि जेवली नाही. लग्नाला पंचवीस दिवस राहिलेत. मुद्दाम केलंस का हे? केलं असशील तर तसं सांग, उगाच हिला आशेला लावू नकोस.

हो, मीच पुसलं. घे, लिहून दिलं. तेराव्याला, तू गेल्यावर, माणसं जेवून उठली आणि मी आत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसलो. मशीन चालू केलं. आणि तेच आलं, जे रोज यायचं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी. पहिली ‘हेमाचं घर’, दुसरी ‘कृणालचं घर’. काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी आपोआप तुझं उघडायचं. माझं पाहिजे तर बाण खाली करून घ्यावा लागायचा. तू घर सोडून गेलीस तरी आठ वर्षं रोज सकाळी बाबांच्या खोलीत पहिलं नाव तुझं. मी बर्फ भरला, जाळी विणली, डिझेलच्या लाईनीत उभा राहिलो, बाबांना खांद्यावर घेऊन हॉस्पिटलात नेलं, आणि मी बाणाने खाली. त्या दिवशी मला नाही सहन झालं. तुझं घर पुसलं. वाटलं, पुढच्या वेळी चालू करीन तेव्हा फक्त माझं नाव येईल. तर हे काळं आलं. चादर टाकली आणि विषय सोडून दिला.

तूच लावलं होतंस ना ते तसं, स्वतःचं नाव वर?

कृणाल


मुलुंड
१५ नोव्हेंबर २०२५

कृणालदादा,

आधी मशीन, कारण रेवती उपाशी राहायला नको.

काही गायब झालेलं नाही आणि मी मुद्दाम काही केलेलं नाही. चूक मात्र माझी आहे, एक पायरी लिहायची राहिली. डिस्कच्या एका भागावर ‘इथून सुरू कर’ अशी खूण असावी लागते. ग्रबला तिची गरज नसते, विंडोजच्या बूटलोडरला लागते. ती खूण माझ्या भागावर राहिली होती, तू तो पुसलास तेव्हा खूणही गेली. आता ती तुझ्या भागावर लावायची. पेनड्राइव्ह परत लाव, तसंच काळ्या खिडकीपर्यंत जा आणि मागे लिहिलेल्या पाच ओळी टाइप कर. शेवटची ओळ ‘ॲक्टिव्ह’. या पाच ओळींखेरीज तिथे काहीही टाइप करायचं नाही. एका चुकीच्या शब्दात सगळी डिस्क साफ होते, आणि या वेळी ती खरोखर साफ होईल.

आता तुझ्या नावांचं. मी २०१४ साली तो मेन्यू केला तेव्हा त्यात दोन्ही सिस्टिमची कंपनीवाली नावं होती. काकाला ती वाचून कळायचं नाही कुठलं कुठे. त्याने स्वतः सांगितलं ही नावं दे. कुणाचं वर ठेवू विचारलं, तेव्हा त्यालाही ठरवता येत नव्हतं. शेवटी तुझंच वर ठेवलं. माझ्या लग्नानंतर महिनाभराने काकाने मला फोन केला आणि विचारलं, ही नावं खालीवर कशी करायची. मी फोनवरून एकेक पायरी सांगितली, त्याने केलं. मी म्हटलं, काका, माझं कशाला वर, मी आता तिथे नाही. तर म्हणाला, ‘कृणाल घरानच हाय. तू लांब गेलीस. तुला दारान उभी ठेवाची नाय.’

हे मी तुला कधी सांगणार नव्हते. तुला बरं वाटावं असं काही करायची माझी इच्छा नाही. पण त्या बाणावरून तू आठ वर्षं बापावर रुसून बसलास, आणि तो राग माझ्यावर काढलास. दारात मला नेमकं उभं ठेवलंस तू, आणि तेही त्याच्या तेराव्याला.

हेमांगी


वेसावे
२० नोव्हेंबर २०२५

हेमा,

मशीन चालू झालं. पाच ओळी टाइप करताना तीन वेळा खोडून लिहिलं. विंडोज जसंच्या तसं आलं. मागे बाबांनी लावलेला होडीचा फोटो, बाजूला त्यांचे पत्त्यांचे डाव. एकही वस्तू हललेली नव्हती.

गाणी मिळाली, एकशे बारा. रेवतीने हळदीचं लावलं. आय खाटेवर होती. आवाज आला तशी तिने डावा हात उचलला आणि मांडीवर ठेका धरला, जसा मांडवात धरायची. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. गाणी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीत. तुझा ऑफिसचा प्रियंकाकडे देतोय. हे पत्रही तिच्याच हाती देतोय, पोस्टात टाकायला मन झालं नाही.

गाण्यांच्या सोबत बाबांची यादी होती. कुठल्या घरचं लग्न, कुठली तारीख, कुठला विधी. शेवटची ओळ वाचली आणि मी मशीनसमोरून उठलो. तुला ती कळायला पाहिजे. जशी आहे तशी उतरवतो:

‘१२ फेब्रुवारी २०१६. हेमा. मांडव नाही. सखू आतल्या खोलीत दार लावून गायली, सगळे विधी, हेमाचं नाव घेऊन. हेमाच्या घरात ठेवलंय. आली की तिला ऐकवायचं.’

तुला आयचा नेम माहीत आहे. मांडव घातल्याशिवाय धवला गायचा नाही. शेजारणीने भांडी घासताना एक ओळ गुणगुणली तरी ती ओरडायची. आयुष्यात एकदाच तिने तो नेम मोडला, तुझ्यासाठी, आणि मी त्या वेळी जेट्टीवर उभा राहून लोकांना सांगत होतो की आमच्या घरातून कोणी कचेरीत गेलं नाही.

मी आयला विचारलं, तू हेमासाठी गायलीस? तिने मान हलवली. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, लाव म्हणून. मी म्हटलं, लावतो नंतर. ती दोन दिवस रोज बोट दाखवतेय आणि मी रोज नंतर म्हणतोय.

तू लिहिलं होतंस, तुझ्या भागात काय होतं त्याचं तुला काही नाही. ते होतं. ते मी पुसलं, आणि आय आता परत गाऊ शकत नाही. डिस्कवर तिथे नुसती रिकामी जागा दिसते. साखरपुड्याचं शूटिंग कुठे मावत नाहीये, ते ठेवायला आज दुपारी तिथे नवीन ड्राइव्ह बनवणार आहे, नाहीतरी ती जागा रिकामीच आहे.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू. तुला कळलं पाहिजे होतं एवढंच.

कृणाल


मुलुंड
२० नोव्हेंबर २०२५, दुपारी बारा

कृणालदादा,

प्रियंका समोर बसलीय. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि पहिलं काम हे केलं की तिला तुला फोन लावायला सांगितला: ड्राइव्ह बनवू नका, मशीन बंद करा, प्लग काढा. फोन स्पीकरवर होता. तू ‘का’ विचारलं नाहीस, आणि मागून प्लग काढल्याचा आवाज आला, तोही मी ऐकला. मी स्वतः बोलू शकले असते. तुझ्याशी बोलायची माझी अजून तयारी नाही.

का ते आता लिहिते. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. तू फक्त नोंद खोडलीस. वर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर आतलं बरंचसं तिथेच असतं. तू माझा भाग पुसलास आणि त्याच क्षणापासून ग्रबची वाट बंद झाली, मशीन सोळा महिने सुरूच झालं नाही. म्हणून त्या जागेवर कोणी काही लिहू शकलं नाही. दुकानवाल्याने नवीन विंडोज टाकलं असतं तर संपलं होतं. आज दुपारी तू शूटिंग भरलं असतंस तरी संपलं होतं. मिळेलच असं मी म्हणत नाही. शोधायला घेण्याइतकी आशा आहे.

रविवारी सकाळी येतेय, पुसलेलं शोधायचं माझं सामान घेऊन. तुझ्याकडे येत नाहीये, काकीकडे येतेय. चपला काढून आत जाणार आहे, दारात उभा राहू नकोस. आमंत्रणाचंही काढू नकोस, रेवती स्वतः बोलावेल तेव्हा बघू.

काकाने लिहिलंय, आली की ऐकवायचं. मिळालं तर मी ते काकीच्या शेजारी बसून ऐकणार. तेवढा वेळ तू बाहेर जा.

नाही मिळालं, तर काकीला ते तू सांगायचं. मी सांगणार नाही, प्रियंकाही नाही. काकी बोट दाखवेल तेव्हा तिच्यासमोर बसून तूच सांगायचं की तिथे काय होतं आणि ते कोणी पुसलं. मी तिचा हात धरून शेजारी बसेन.

हेमा